दिवा इझला की थांबायचं

ऐका. आन् पांडबा, तू जरा जास्तच कान देऊन ऐक. टेम्पोत गूळ भरला की खिंडीनंच जाणार, खिंडीनंच जाणार, असं मघाधरनं चाललंय तुझं. जा की बाबा. तुला कोण दाव्यानं बांधतंय? पण काहिलीतला रस अजून आटायचाय. ढेपा पडल्याबिगर तुझा टेम्पो काय हलत न्हाई. तवर गोष्ट ऐक. सुभान्या, जाळ घाल रं. चुलवाण थंड पडलं तर तुझ्या नावानं शिमगा करीन मी.

तर चकवा. चकवा ठावं हाय न्हवं समद्यास्नी? रातच्याला माणसाची वाट चुकवतो त्यो. मारत न्हाई, धरत न्हाई, नुसता म्होरं म्होरं चालतो, आन् माणूस आपल्या पायानं त्याच्या मागनं जातो. माझ्या आज्याच्या वेळंला त्याच्या हातात टेंभा असायचा. बापाच्या वेळंला कंदील आला. आता म्हणशीला, आता काय? आता त्यो बी सुधारलाय. एलईडी वापरतो.

हसा. हसा! बाबासो खोत बी असाच दात काढून हसायचा. मग एकदा ह्याच चुलवाणापुढं बसून त्यानं मला समदं सांगितलं, आन् सांगताना जाळापुढं बसून कापत हुता गडी. तवापासनं मी हसायचं सोडलंय.

बाबासो म्हंजे आपल्या फाट्यावरचा वडापवाला. फाट्यापासनं तालुक्यापर्यंत जीपमधी माणसं कोंबून न्यायचा. माणूस झ्याक, हाताचा सढळ, पण दिव्याचं लई येड. जीपला म्होरं दिवं, वर दिवं, चाकाच्या वर दिवं. लांबनं बघितलं की उरूस चालत आल्यागत वाटायचं. तुझ्या टेम्पोला बी हायत न्हवं पांडबा, त्या निळ्या पट्ट्या? मग गप ऐक.

एकदा काय झालं, जीपचे मागचे दिवे एका म्हशीनं ढुशी देऊन फोडले. बाबासोनं बाजारातनं पिवळ्या एलईडीच्या दोन पट्ट्या आणल्या. एक डावीकडं, एक उजवीकडं. त्याचा बेत असा, की एकाच पट्टीनं पार्किंगला बी जळायचं आन् वळताना सिग्नल म्हणून मिचकायचं बी. फाट्यावर गनी मिस्त्रीचं दुकान. बाबासो त्याच्याकडं बसून वायरी सोलायला लागला. गनी म्हणला, "बाबासो, पार्किंगची आन् सिग्नलची वायर अशी एकाला एक गुंडाळू नगंस. मधी डायोड घाल."

"ते आणि काय?"

"फुटव्हॉल समज. हिरीतनं पाणी वर चढतं, माघारी उतरत न्हाई. तसा करंट दिव्याकडं जाणार, पण माघारी फिरणार न्हाई. डायोड नसला तर डाव्या सिग्नलचा करंट पार्किंगच्या वायरीतनं माघारी फिरून उजवीकडं जाणार. दोन्ही बाजू एकदम मिचकणार. मागच्या माणसानं काय समजायचं, तू डावीकडं वळतुयास का उजवीकडं?"

आन् बाबासो काय म्हणला? आपल्या मुलखाचा मंतर म्हणला. "त्याला काय हुतंय!"

त्याला काय हुतंय म्हणला आन् घरी जाऊन आपल्या हातानं वायरी जोडल्या. वायरीची गाठ कशी मारली? म्हशीच्या दाव्याला मारतात तशी. चिकटपट्टी संपली हुती, म्हणून वरनं बायकोच्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. आन् गनी म्हणला तसंच झालं. पार्किंग लावलं की पट्टी आधीच जळतीया, त्यात सिग्नल दिसंना. पार्किंग घालवून सिग्नल लावला, की डाव्याला दोन्ही आन् उजव्याला बी दोन्ही! गड्याला त्याची लाज वाटली का? कशाची लाज. म्हणायचा, दोन्ही मिचकतात तर डबल उजेड पडतो.

आता ऐका हं, हितनं म्होरं नीट ऐका.

बाबासोची थोरली भैन, आक्का. दिली हुती तिवऱ्याला, म्हंजे खिंडीच्या पलीकडं. तिच्या लेकीचं लगीन ठरलं. आदल्या दिशी दाजी हिकडं आले, आक्काचा मालक, हिंदुराव. ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन. मांडवाच्या गाद्या, पातेली, पराती, समदं आपल्याच गावातनं न्यायचं हुतं. भरता भरता दिवस मावळला. आन् ट्रॅक्टर चालू करून बघत्यात तर म्होरचे दिवे बंद! उंदरानं वायर कुरतडलेली. भोंगा वाजतोय, इंजन चालतंय, पण दिवा न्हाई.

दाजी शांत माणूस. म्हणले, "उजाडल्यावर निघू."

"उजाडल्यावर हळद हाय दाजी! वऱ्हाड काय परातीबिगर जेवणार? मी जीप म्होरं घालतो. तुम्ही माझ्या दिव्याच्या मागनं या."

दाजीनी तंबाखू मळली, चिमूट तोंडात टाकली, मग बोलले. "येतो. पण ठरवून येतो. तुझा दिवा दिसंल तवर मी चालणार. तू मिचकवलास की मी भोंगा देणार, म्हंजे तुला कळंल मी मागं हाय. आन् दिवा इझला की मी थांबणार. मग तू सवता येऊन हाताला धरलंस, तरी दिवा पेटल्याबिगर हलायचा न्हाई."

बाबासो हसला. "दाजी, माझा दिवा इझंल व्हय?"

निघता निघता आक्काचा फोन आला. "बाबू, तुझ्या दाजीस्नी दिवा न्हाई म्हणं?"

"माझा हाय की."

"तुझ्याच भरवशावर हाय बघ मी. सकाळच्याला लेकीला हळद लागायची हाय, बापाच्या हाताची पयली हळद. नीट आण त्यास्नी. मागं टाकून येऊ नगंस."

"आणतो गं. घरात आणून हुभा करतो."

शब्द दिला, फोन खिशात घातला. त्या खिंडीत फोनला रेंज न्हाई, तवा बी नव्हती, आता बी न्हाई. म्हंजे आता जीप म्होरं, ट्रॅक्टर मागं, आन् मधी नुसत्या त्या दोन पिवळ्या पट्ट्या.

थंडीचे दिवस. गाव सुटलं तवर समदं ब्येस चाललं हुतं. बाबासो मधनंच पार्किंग घालवून मिचकवायचा, मागनं भोंगा यायचा. पोंऽऽ! परत मिचकवायचा. पोंऽऽ! गडी खुशीत गाणं म्हणत हुता. मग चढ लागला, आन् वरनं धुकं उतरलं. धुकं म्हंजे कसं, काहिलीवरची वाफ बघा ही. मागचा ट्रॅक्टर दिसायचा बंद झाला. पण भोंगा येतोय न्हवं, मग काय काळजी?

खिंडीच्या अलीकडं आणि एक फाटा हाय. डावीकडची वाट खिंडीतनं तिवऱ्याला जाती. उजवीकडची उतरून जुन्या खडीच्या खाणीत. खाण बंद पडून वरसं झाली, तळाला काळं पाणी, आन् कठडा कुठला? वाट नीट पाण्यापर्यंत जाती आन् तिथंच संपती. बाबासो डावीकडं वळला. मिचकवलं.

पोंऽऽ!

बरं. म्होरं गेला. मिचकवायला म्हणून बटणाकडं हात नेला, अजून बोट लागलं न्हाई, तोच, पोंऽऽ!

बाबासो म्हणला, दाजी आज रंगात आलेत. लेकीचं लगीन हाय. हात मागं घेतला. परत नेला. पोंऽऽ! आधी भोंगा, मग बोट. आता मात्र गड्याचं गाणं थांबलं. त्यानं काच खाली केली आन् कान दिला. भोंगा येतोय, अगदी मागनं येतोय. पण पांडबा, ट्रॅक्टर म्हणल्यावर काय आधी ऐकू येतं? इंजन! डब डब डब डब, निम्म्या कोसावरनं ऐकू येतं. हितं इंजनच न्हाई. नुसता भोंगा!

बाबासोनं गाडी हुभी केली. खाली उतरला. मोबाईलची बॅटरी लावून मागं धरली. रस्ता मोकळा. धुळीत नुसत्या जीपच्या चाकाच्या खुणा, दुसरं काय बी न्हाई. ट्रॅक्टर न्हाई, ट्रॉली न्हाई, दाजी न्हाईत.

आन् त्या मोकळ्या रस्त्यावरनं, हातभर अंतरावरनं, त्याच्या तोंडावर, पोंऽऽऽऽ!

आई गं! सुभान्या, मेल्या, भोंग्यागत वरडू नगंस, माझंच काळीज हाललं. जाळ बघ.

बाबासो जीपमधी कसा चढला त्याचं त्यालाच ठावं. गाडी फिरवली आन् फाट्याकडं माघारी हाणली. पळून जायाला न्हवं बरं का. पळायचं तर त्या भोंग्यापासनं लांब, खिंडीतनं म्होरं तिवऱ्याला पळाला असता. त्याच्या डोक्यात एकच, आक्काला काय सांगू? भाचीला हळद कोण लावंल?

फाट्यावर उतरून बघतो, तर ट्रॅक्टरच्या दातेरी चाकाच्या खुणा उजवीकडं. खाणीकडं! त्यांच्या म्होरं जीपचं चाक न्हाई, माणसाचं पाऊल न्हाई. नुसती सपाट धूळ. कशाच्या मागनं गेले दाजी?

तवर धुकं जरा फाटलं, आन् त्याला खाली दिसलं.

खाली उतारावर दोन पिवळ्या पट्ट्या चालल्या हुत्या. सावकाश, मिजाशीत. त्यांच्या मागनं अंधारात डब डब डब डब, दाजींचा ट्रॅक्टर. पिवळ्या पट्ट्या बाबासोच्याच! उजव्या पट्टीच्या कोपऱ्यातले दोन दाणे मेलेले हुते, ते तिथं बी मेलेले. म्हंजे आपला दिवा खाली चाललाय आन् आपण हितं वर हुभे! माणसाला येड लागंल न्हाईतर काय?

त्यानं हाक मारली. इंजनाच्या आवाजात कोण ऐकतंय. भोंगा दिला, तर खालनं बी तसाच भोंगा आला. गाडी घालावी तर वाट लांब वळणाची, आन् दाजी पाण्यापासनं शेताच्या दोन बांधांवर. मग त्यानं काय करावं म्हणून न कळून पार्किंग घालवलं आन् सिग्नल लावला. त्याच्या जीपच्या दोन्ही बाजू मिचकायला लागल्या. खाली बी दोन्ही बाजू मिचकायला लागल्या! ह्यानं लावलं की त्यानं लावलं. ह्याचं गेलं की त्याचं गेलं. आरशातल्या तोंडागत.

तवा बाबासोच्या डोक्यात लख्ख पडलं. ह्याला सवताचा उजेडच न्हाई! माझाच दिवा चोरून घेऊन चाललाय. मग माझा इझला, तर त्याचा कुठनं राहील? आन् दिवा इझला की दाजी थांबणार. दाजी शब्दाचा पक्का माणूस.

त्यानं सिग्नलचं बटण पाडलं. दिवा गेला न्हाई! मिचकायचा थांबला आन् तसाच जळत राहिला. पार्किंगचं बटण बघतो तर ते पाडलेलंच हाय. स्वस्तातलं बटण, सारखं लावून-पाडून आत गरम होऊन चिकटलेलं. चावी काढली, तरी जळतोय! कारण शहाण्यानं वायर नीट बॅटरीवर टाकलेली, डायरेक. त्याला काय हुतंय! आता काय हुतंय ते बघ म्हणावं. ज्या गड्यानं जलमभर दिवं लावले, त्याला एक दिवा घालवता येईना. आन् खाली ट्रॅक्टर चाललाय. डब डब डब डब.

बाबासो मागं पळाला. डावी पट्टी दोन्ही हातानं धरली आन् उपटली. पत्र्यानं तळवा फाटला. खाली बघतो, तर तिथली बी डावी पट्टी इझलेली! उजवी तेवढी जळतीया, एका डोळ्यानं बघितल्यागत. ट्रॅक्टर हळू झाला, पण थांबंना. बाबासोनं उजवी धरली. पाय लावून वढली. निघंना. परत वढली. ती दाव्याची गाठ हो, ती सुटती व्हय? मग "आक्काऽऽ" म्हणून वरडला आन् अंगातला समदा जोर लावून वायरीसकट उपटली.

अंधार.

खाली ब्रेक करकरला. पराती ट्रॉलीत खणखणल्या. मग इंजन बी बंद झालं.

थांबले! दाजी थांबले. बाबासो तिथंच चाकाला टेकून बसला. हातात पट्टी, बोटाला वायरीची उघडी टोकं. धुकं परत दाटलं. सवताचा हात दिसंना.

तुम्हाला वाटलं संपलं? चकवा असा सोडतो व्हय?

मागनं, अगदी कानाजवळ, आक्काचा आवाज आला. "बाबू."

बाबासोनं मान वळवली.

"बाबू, दिवा लाव की रं. लई अंधार झालाय."

तोच आवाज, तीच माया. लहानपणी आय मेल्यावर आक्कानंच वाढवलेला पोरगा त्यो. त्या आवाजाला न्हाई म्हणायचं त्याला ठावंच नव्हतं. त्याचे हात आपोआप उठले. एका हातात जीपकडची वायर, दुसऱ्या हातात पट्टीची. टोकं जवळ आली. बोटभर राहिलं.

"लाव बाबू. लाव लवकर. हिंदुरावास्नी वाट दिसंना झालीया."

बाबासोचे हात तिथंच थांबले.

का थांबले? तुमच्या बायका तुमचं नाव घेत असतील, शिकल्या सवरलेल्या. आक्का? आक्कानं लगीन झाल्यापासनं मालकाचं नाव कधी तोंडातनं काढलं नव्हतं. हळदीकुंकवाला, मांडवात उखाणा घेतला तर तेवढंच. एरवी भावाशी बोलताना "तुझे दाजी", शेजारणीशी बोलताना "आमचे हे". गुरुजीनी शाळंत पोरांच्या बापाचं नाव विचारलं तरी पोरालाच म्होरं ढकलायची. आन् ती अशी मोकळ्या रानात, रातच्याला, फटकन नाव घेईल?

बाबासोनं दोन्ही वायरी दोन बाजूला केल्या आन् एक हात मांडीखाली दाबून बसला. तोंडातनं शबुद काढला न्हाई. आवाजानं मग रडून बघितलं. मग शिव्या दिल्या. मग भाचीच्या आवाजात मामा, मामा केलं. गड्याच्या डोळ्यांतनं पाणी गळतंय, पण हात वर केला न्हाई. असा बसून राहिला, बसून राहिला, तवर तिवऱ्याकडनं कोंबडं आरवलं.

फटफटलं तसा उठला आन् धडपडत खाली गेला. बघतो, तर ट्रॅक्टर पाण्याच्या तोंडावर. म्होरच्या चाकाखालची माती अजून सुटून पाण्यात पडत हुती. डुबुक. डुबुक. आन् दाजी सीटवर ताठ बसलेले, ब्रेकवर दोन्ही पाय, डोळे लाल. बाबासोनं पळत जाऊन त्यांचा हात धरला. "दाजी! उतरा दाजी! चला!"

दाजीनी हात झटकला. "दिवा दाखव."

"अवो, मी बाबासो!"

"ते तर रातभर सांगतुयास. म्होरं घ्या दाजी, थोडंच राहिलंय दाजी, म्हणून किती डाव हात धरलास माझा. गार हात. मी सांगितलंय, दिवा पेटल्याबिगर हलणार न्हाई."

दिवा कुठनं आणायचा? उपटून हातात घेतलेला. त्यानं तीच पट्टी म्होरं केली. खाली वायर लोंबतीया, वायरीला ती दाव्याची गाठ, गाठीला हिरव्या लुगड्याची चिंधी, आन् समद्याला त्याच्या तळव्याचं रगत.

दाजीनी गाठ हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. मग त्यांच्या तोंडावर जीव आला. म्हणले, "तूच हायस बाबा. दिवा कुणी बी चोरंल. पण असली भिकार गाठ मारायला भुताला बी जमायचं न्हाई." आन् पोरागत हमसून रडले की हो! दोघं बी गळ्यात पडून रडले.

मग गावातनं माणसं आली, साखळी लावून ट्रॅक्टर मागं वढला. हळद जरा उशिरा लागली, पण बापाच्या हाताची लागली. आन् मांडवात बायकांनी आक्काला धरली. नाव घे, नाव घे! आक्का लाजली, पदर सावरला आन् म्हणली,

"लेकीच्या मांडवात फुलांची रास,
हिंदुरावांचं नाव घेते हळदीच्या दिवशी खास."

बायका हसल्या. दाजी मिशीतल्या मिशीत हसले. आन् कोपऱ्यात बाबासोच्या हातनं च्याची कपबशी खाली पडली. तोच आवाज, तेच नाव. आक्का धावत आली, "काय झालं रं बाबू?" त्यानं तिचा हात धरून बघितला. ऊन हुता. मग कुठं गड्याच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या आठवड्यात गनी मिस्त्रीकडं जाऊन गप डायोड घालून घेतले. आता त्याची डावी ती डावी, आन् उजवी ती उजवी.

पण चकव्याला डायोड कोण घालून देणार? त्यानं त्या रातीचा दिवा तसाच ठेवलाय. अजून दिसतो खिंडीच्या फाट्यावर. दोन्ही बाजू एकदम मिचकत्यात. माणसाला वाटतं, कुणाची तरी गाडी बंद पडलीया, चला हात लावू. म्हणून सांगतो, त्या वाटंनं जाऊ नका. गेलात आन् दिसलाच, तर त्याच्या मागं जाऊ नका आन् पळू बी नका. आपला दिवा घालवा आन् बसून राहा. मग अंधारात कुणी मायेनं हाक मारली, आई असो न्हाईतर भैन असो, तर आपण तोंड उघडायचं न्हाई, आन् दिवा लावायचा न्हाई.

झाला बघ गूळ तयार. पांडबा, कुठं निघालास? टेम्पोकडं? त्या निळ्या पट्ट्या घालवून यायला व्हय?

ये घालवून. आन् येताना कांबळं घेऊन ये, हितंच चुलवाणाच्या उबंला पड. सकाळी जा.